कपाटातला तरस

चौथ्या मजल्यावरच्या भाऊजींनी कपाटात तरस पाळलाय, अशी आमच्या इमारतीत बोलवा होती. सिलिंडर आणणाऱ्यानं म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं: आधी गुरगुर, मग हसणं, मग हाड फोडल्याचा कडकड आवाज. सिलिंडर जिन्यात टाकून तो पळाला. पुढचं तिखटमीठ माझं, खोटं कशाला बोलू? रोज पाव किलो मटण लागतं, ही भर मीच घातली. शेवटी कुणीतरी जनावरं पकडणाऱ्यांना बोलावलं. दोघं जाळं घेऊन आले, तर कपाटातून भाऊजीच निघाले. बनियनवर, घामाघूम, डोक्यावर रजई, हातात माइक आणि तोंडात गाजर. हाड म्हणजे ते गाजर!

भाऊजी कॉम्प्युटरवरच्या खेळांना आवाज द्यायचे. खेळात तरसमाणसांची टोळी असते. तोंड तरसाचं, धड माणसाचं, पाठीला पोक, हातात कुऱ्हाड. त्या टोळीतले सगळे, अगदी म्हातारा लंगडा तरससुद्धा, एकटे भाऊजी. घरात रस्त्याचा आवाज येतो, म्हणून रजया कोंबलेल्या कपाटात बसून काम. भुकेलं हसणं वेगळं, शिकार दिसल्यावरचं वेगळं, एकमेकांना हाक मारायचं वेगळं. मला एकदा चहा पिता पिता तिन्ही करून दाखवली. माझा कप फुटला, त्यांच्या बायकोनं मुकाट्यानं फडकं आणून दिलं. तिला सवय होती.

घरात तिसरं माणूस म्हणजे आजी, भाऊजींची आई. डोळे पूर्ण गेलेले, आणि साखरेच्या आजारानं हातांनाही स्पर्श कळत नसे. मुलगा त्यांना आवाजापुरताच उरला होता. सकाळी "आई, उठलीस का गं?" ऐकलं की त्यांचा दिवस सुरू.

खेळाचा दुसरा भाग आला आणि भाऊजी दोन महिने रोज सहा-सहा तास गुरगुरले. घसा बसला. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं, म्हणाले, "आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. पंधरा दिवस मौन. नाहीतर आवाज विसरा."

भाऊजी आज्ञाधारक. मौन तिथंच, दवाखान्याच्या खुर्चीत सुरू केलं. त्यामुळे कुजबुजलेलं चालेल का, हे विचारायचं राहून गेलं.

घरी आल्यावर आजी घाबरल्या. "तो कुठाय? बोलत का नाही?" सून सांगे, "आहेत हो इथंच, शेजारी बसलेत." आजींचा विश्वास बसेना, जेवण सुटलं. मग भाऊजी त्यांच्या कानाशी जाऊन कुजबुजायला लागले. कुजबुज म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी त्यांची समजूत. पंधरा दिवस माय-लेकांनी भाऊजींचं अख्खं बालपण कुजबुजून काढलं. मीही वर जाऊन चिडवायची, "काय भाऊजी, चोरीचा बेत चाललाय वाटतं!"

सोळाव्या दिवशी डॉक्टर संतापले. "कुजबुजायला कुणी सांगितलं तुम्हाला? त्यानं पडद्यांना जास्त ताण पडतो!"

आवाज गेला तो गेलाच. ऑपरेशननंही काही साधलं नाही. उरली फक्त घशातली घरघर; कुजबुजायला गेलं तरी तीच निघे. कंपनीत तीही ऐकून घेतली. साहेब चांगला माणूस, पण म्हणाला, "हसणं वरच्या पट्टीतलं लागतं. न हसणारा तरस म्हणजे आमच्यासाठी कुत्राच." काम दुसऱ्याला गेलं.

ते एक वेळ परवडलं. घरातलं भलतंच होऊन बसलं. भाऊजींनी त्या घरघरत्या आवाजात "आई, मीच" म्हटलं, तर आजी भिंतीला चिकटल्या. त्यांच्या लहानपणी गोष्ट सांगायचे, तरस दाराशी येऊन माणसाच्या आवाजात हाक मारतो, ओ दिली की ओढून नेतो. "सूनबाई, घरात जनावर शिरलंय," म्हणून ओरडल्या. सुनेनं शपथा घेतल्या. आजींना वाटलं, पोर काहीतरी वाईट लपवतेय.

मग जुना आवाज शोधायचं ठरलं. कॉम्प्युटरवर भाऊजींची हजारो रेकॉर्डिंग, पण झाडून सगळी तरसाची. साधं माणसासारखं बोललेलं एकही नाही. शेवटी बायकोच्या फोनमध्ये एक निरोप सापडला: "दूध घेऊन येतो, गेट उघडं ठेव." आजींना ऐकवला. चेहरा असा फुलला म्हणून सांगू! "हा माझा! कधी येतोय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवला. तिसऱ्या दिवशी तेच दूध, तेच गेट ऐकून आजी हळूच म्हणाल्या, "बंद कर गं. कळलं मला."

तेव्हापासून त्या मुलाचं सुतक धरून बसल्यात. भाऊजी त्यांना भरवतात, केस विंचरतात, औषध देतात, तोंडातून चकार शब्द न काढता. आजींना वाटतं, सुनेनं पगारी माणूस ठेवलाय. सुनेला म्हणतात, "माणूस मुका आहे, पण हाताचा हलका आहे हो."

परवा जिन्यात मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, असं कसं चालेल? तुम्ही जिवंत आहात हे त्यांना कुणीतरी पटवायलाच हवं."

भाऊजी थांबले. घरघरत, एकेक शब्द ओढत म्हणाले, "वहिनी, त्या खेळात मी तीनशे वेळा मेलो. दर वेळी साहेब म्हणायचे, खरं वाटत नाही, पुन्हा मरा. आईला पहिल्याच फटक्यात पटलं. आता कशाला बिघडवता?"