येणारा काटा, जाणारा काटा

चहा घ्या, पण घोट तोंडात धरून हे ऐकू नका. मागच्या वेळी एका पाहुण्याचा पांढरा शर्ट गेला. आता कोणत्या तोंडानं सांगू, पण सांगतोच. मी आमचं अर्धं गाव सोमवारी बारीक केलं आणि उरलेलं अर्धं गुरुवारी जाड केलं. कोणाच्या अंगावरचं छटाकभर मांस न हलवता.

गाव दारव्ह्याच्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही. ज्या शेठचे काटे होते तो अजून ठणठणीत आहे आणि मला बाजारात जावं लागतं.

मी नगर परिषदेत बाबू. वडील तिथंच बाबू होते, आजोबा तहसीलीत. तीन पिढ्या खुर्चीवर बसून आमच्या घराण्यानं जे कमावलं ते सगळं माझ्या पोटावर जमा आहे. बायको, म्हणजे कुंदा, म्हणायची, "तुमचं पोट आधी घरात येते, चप्पल काढून बसते, मग तुम्ही येता."

बोंडअळीची ती वर्षं. बोंड फोडावं तर कापसाच्या आधी अळीच बाहेर डोकावायची. गावातलं कापसातून सरकी काढायचं जुनं जिनिंग बंद पडलं. त्याचं दोन एकरांचं आवार परिषदेकडे आलं आणि परिषदेनं सर्वात आधी काय केलं असेल? फाटकाला कुलूप लावलं. चावी माझ्या टेबलाच्या खणात.

त्या आवाराला लागून चौथा वॉर्ड. तिथल्या बाया आधी वेचणीला चार-चार कोस चालत जायच्या. कापूस गेला, चालणं गेलं. घरोघरी शिलाई मशीन आली. दिवसभर बैठक, वरून गोड चहा, आणि भाजीपेक्षा समोसा स्वस्त. दोन-तीन वर्षांत गुडघे बोलू लागले, कोणाला शुगर, कोणाला बीपी. आम्ही ऑफिसात बसून म्हणायचो, "गरिबी आहे म्हणता, मग अंग कसं सुटते?" विचारणारा मी. माझ्या शर्टाचं खालचं बटण तेव्हा आठवड्याला एक तुटायचं.

तेवढ्यात एक योजना आली. लठ्ठपणा कमी करायचा, पण वरून हुकूम सोडून नाही. लोकांना विचारायचं, वॉर्डावॉर्डात वजनं घ्यायची, त्रास जिथं जास्त तिथं आधी सोय करायची. निधी एकाच जागेपुरता. ऑफिसर कॉलनीवाल्यांनी लगेच अर्ज टाकला: आमच्या बागेत चालण्याचा ट्रॅक हवा. बाग होतीच त्यांच्याकडे, झोक्यासकट.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम नवीन होत्या. त्या आधी चौथ्या वॉर्डात गेल्या. सोबत मी, रजिस्टर घेऊन. मॅडमनी बायांना सांगितलं, रोज अर्धा तास चाला.

रजिया आपा गादी भरत बसली होती. तिच्या घरी पिढीजात कापूस पिंजायचं काम. गादी हातानं उचलून ती किलो सांगते, पावकिलोचाही फरक पडत नाही.

"चालतो ना, मॅडम. कुठं चालू? नाल्यात?" आपा म्हणाली. "रस्त्यावर ट्रक. गल्लीत पोट्टे टवाळी करतात. हे मागचं जिनिंग उघडून द्या. सकाळ-संध्याकाळ. भिंत आहे, कोणाची नजर नाही. लेकरंही खेळतील."

"चावी कोणाकडे आहे?" मॅडमनी विचारलं.

सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं.

तर मुद्दा असा: चौथ्या वॉर्डाचं वजन जास्त निघालं तर कुलूप उघडणार, आत वाट होणार, दिवे लागणार. कॉलनीचं जास्त निघालं तर बागेत ट्रॅक. आणि वजनं घ्यायचं काम कोणाला? बरोबर ओळखलंत.

आरोग्य केंद्राचा काटा बिघडलेला. त्यावर कोणीही उभं राहिलं तरी बावीस किलो. मी जिल्ह्याकडे नवा मागवायला हवा होता. पण त्याला तीन पत्रं लागतात आणि मला दुपारी झोप लागते. गेलो शेठच्या आडतीवर. शेठ कापूस घ्यायचा, जनावरांसाठी सरकीची ढेप विकायचा. मुनीम म्हणाला, "बाबूसाहेब, काटे दोन आहेत. येणाऱ्या मालाचा अन् जाणाऱ्या मालाचा. कोणता देऊ?"

आता तुम्हीच सांगा. चाळीस वर्षं कपाशीच्या मुलखात काढलेल्या माणसानं इथं काय विचारावं? एकाच दुकानात येणाऱ्या आणि जाणाऱ्या मालाला वेगवेगळे काटे काहून लागतात, हे विचारावं. कापूस विकायला गाडीवर बसून आलेलं शेंबडं पोरगंही ते विचारतं. मी काय म्हणालो?

"जो रिकामा असेल तो द्या."

सोमवारी येणारा रिकामा होता. नेला चौथ्या वॉर्डात.

आधी मी स्वतः चढलो. लाल आकडे झळकले: शहात्तर. अहो, दिवाळीत मी शहाऐंशी होतो. दहा किलो उतरलो, आणि मला पत्ताही नाही. कुंदा दोन महिने कारल्याचा रस पाजून राहिली होती, त्याचा हा प्रताप. माझे डोळे पाणावले.

मग बाया. छप्पन, साठ, बावन्न. बाया लाजल्या, हसल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. रजिया आपा चढली. सहासष्ट.

"बाबू, इतकी हलकी नाही मी."

"आपा, मशीन आहे. ते खोटं बोलत नाही."

"मशीन नाही बोलत. मशीनवाले बोलतात," असं म्हणून ती उतरली. मी ते रजिस्टरात लिहिलं नाही.

घरी जाऊन कुंदाला म्हटलं, "शहात्तर." ती म्हणाली, "कमरेला पट्टा तर त्याच भोकात आहे." मी म्हटलं, "पट्टा सैल झाला असेल." आता माणूस दहा किलो उतरला तर त्यानं काय करावं? सोमवारी पावशेर जिलेबी. मंगळवारी अर्धा किलो, सोबत तर्री-पोहे. बुधवारी दारव्ह्याचा आठवडी बाजार होता, तिथं गेलतो, तिथलं विचारूच नका.

गुरुवारी कॉलनी. येणारा काटा कामात होता, कोणीतरी कापूस आणलेला. मुनिमानं जाणारा दिला. मला फरक काय? तोही काटा, हाही काटा.

सवयीनं आधी मी चढलो.

शहाण्णव.

मित्रांनो, तीन दिवसांत वीस किलो. माझ्या डोळ्यांसमोर जिलेब्यांची रांगच्या रांग उभी राहिली. मी खाली उतरलो, पुन्हा चढलो. शहाण्णव. चप्पल काढली, खिशातल्या चाव्या काढल्या, श्वास सोडला. शहाण्णव. शेजारी कोणी पाहिलं नाही ना, हे पाहिलं आणि गप्प बसलो. कुठल्या तोंडानं सांगू की गव्हर्मेंटचा माणूस तीन दिवसांत वीस किलो जिलेबी झाला?

मग कॉलनीतल्या बाया चढल्या आणि हाहाकार झाला. इंजिनियर साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, "माझ्या घरच्या काट्यावर बासष्ट आहे. इथं सत्तरच्या घरात?"

मी म्हटलं, "वहिनी, घरचा काटा घरच्या माणसासारखा असतो. तोंडावर खरं बोलत नाही."

त्या दिवशी संध्याकाळी कॉलनीत चार घरी स्वयंपाक झाला नाही म्हणतात. मी रजिस्टर पूर्ण केलं. सही, शिक्का. निकाल: चौथा वॉर्ड ठीकठाक, कॉलनी जाड. ट्रॅक बागेत. यादी फळ्यावर लावली.

मॅडमनी यादी वरून खालपर्यंत दोनदा वाचली. "बाबू, हे पटत नाही. शुगरचे पेशंट तर सगळे तिकडचे आहेत."

"मॅडम, आकडे आहेत," मी म्हटलं.

"मग सभेत लोकांसमोर वाचा. आणि सभा जिनिंगच्या आवारात घ्या."

मी हौशी माणूस. म्हटलं, सभा आहे तर शेठचा सत्कारही करू. दोन्ही काटे मंचावर शेजारी-शेजारी मांडले, हार घातले, हळद-कुंकू लावलं. पहिल्या रांगेत गळ्यात हार घालून शेठ, मागे चौथ्या वॉर्डाच्या बाया, त्यांच्यामागे आजूबाजूच्या खेड्यांतले कास्तकार. फाटक बऱ्याच दिवसांनी उघडलेलं, पोरं आवारात मोकाट धावत होती. एकानं विचारलं, "आई, हे रोज उघडं राहीन का?" आईनं माझ्याकडे पाहिलं. ते मला अजून आठवतं, हसता हसता.

मी यादी वाचायला उठलो, तोच रजिया आपा समोर आली. तिच्यामागे तिचा नवरा, खांद्यावर ढेपेचं पोतं. शिवलेलं, वर पन्नास किलोचा छापा.

"बाबू, आधी हे पोतं चढवा. याले तर जिलेबीची आवड नाही ना."

जिलेबीचं हिला कसं कळलं? नंतर समजलं, कुंदानंच सांगितलं होतं.

पोतं येणाऱ्या काट्यावर ठेवलं. चव्वेचाळीस.

उचलून जाणाऱ्या काट्यावर ठेवलं. छप्पन.

 मग मागून एक म्हातारा कास्तकार सावकाश उठला. "हेच पोतं? मले पुन्हा पाहू द्या."

पुन्हा पाहिलं. चव्वेचाळीस. छप्पन.

"आता तुमी चढा, बाबूसाहेब," आपा म्हणाली.

चढलो. शहात्तर. चढलो. शहाण्णव. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाबू, तुम्ही सोमवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवशी आधी स्वतः चढला असाल ना? तीन दिवसांत वीस किलोचा फरक. तुमच्या लक्षात आलं नाही?"

माईक चालू होता.

"मॅडम," मी म्हणालो, "मला वाटलं जिलेबी."

पुढची पाच मिनिटं मला काही ऐकू आलं नाही, लोकच इतके हसत होते. इंजिनियर साहेबांच्या मिसेस सगळ्यात मोठ्यानं. तेवढ्यात त्या आठ किलोंनी हलक्या झाल्या होत्या. शेठ गळ्यातला हार काढून हळूच उठला. म्हाताऱ्यानं विचारलं, "शेठ, कुठं चालले? आमच्या दहा वर्सांच्या कापसाचं सत्कारात सांगून जा." मग शेठला कास्तकारांनी मधोमध बसवलं. काटे त्याच दिवशी तपासणीला गेले. शेठचं पुढं काय झालं तो वेगळा विषय आहे, आणि सांगितलंच आहे, मला बाजारात जावं लागतं.

जिल्ह्याहून नवा काटा आला. मला तीनऐवजी सहा पत्रं लिहावी लागली. वजनं पुन्हा झाली आणि यादी उलटी झाली. आपा पंच्याहत्तर निघाली. "हातानं उचलल्यावर एवढीच वाटत होती मी," ती म्हणाली. स्वतःला कशी उचलली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग बायांनी स्वतः ठराव केला. मॅडम लिहीत होत्या, आपा सांगत होती. जिनिंगच्या आवारात भिंतीच्या कडेनं चालायची वाट. दिवे. नळ. फाटकावर समोशाची गाडी नाही, वॉर्डातल्याच एका बाईची उसळ आणि काकडीची गाडी.

"आणि कुलूप?" मॅडमनी विचारलं.

बाया एकमेकींशी कुजबुजल्या. "चावी बाबूकडेच राहू द्या," आपा म्हणाली. "पण रोज पहाटे साडेपाचला बाबूनंच येऊन उघडायचं. पायी. अन् आमच्यासंगं दहा फेऱ्या झाल्याबिगर घरी जायचं नाही."

टाळ्या. ठराव एकमताने मंजूर. विरोधात एक हात होता, पण तो सरकारी असल्यामुळे मोजला नाही.

सहा महिने झाले. बायांचे गुडघे गप्प आहेत, पोरं भिंतीवर चढतात. आणि मी? मागच्या रविवारी नव्या काट्यावर चढलो. पळत घरी आलो.

"कुंदा, चार किलो उतरलो."

तिनं पोळी उलटली. मान वर केली नाही.

"येणाऱ्या काट्यावर की जाणाऱ्या?"