लाल दिव्यावरची चिकटपट्टी

नॉर्थ डकोटाच्या उत्तरेकडच्या माणसाला काय होतंय हे त्यालाच विचारून काही उपयोग नसतो. घराला आग लागलेली असताना विचारलंत तरी तो म्हणेल, “वाईट नाही, चाललंय.” ड्वेन रोमस्टाड तर त्यातला अर्क. जन्मभर त्याने काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली. तिच्या यंत्रात दोन बोटं गमावली, आणि त्या संध्याकाळी हाताला फडकं गुंडाळून घरी आल्यावर बायकोला विचारलं काय, तर जेवायला काय केलंयस. दुखणं अंगावर काढण्यात या लोकांचा हात कुणी धरणार नाही. मूत्रपिंडाचं दुखणंही त्याने असंच अंगावर काढलं. डॉक्टरकडे गेला तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली होती.

तेव्हापासून त्याची बायको आर्लिस हिचं सगळं आयुष्य एका जुन्या पांढऱ्या गाडीवर येऊन ठेपलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ड्वेनला मायनॉट शहरातल्या दवाखान्यात न्यायचं, तिथे डायलिसिसच्या खुर्चीत बसवायचं, चार तासांनी उठवून परत आणायचं. त्यासाठी तिने शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली. दोनशे पोरांना मांस-बटाट्याची हॉटडिश रांधून घालणारी बाई ती, पण गाडीचं बॉनेट तिने लग्नापासून एकदाही उघडलं नव्हतं. “चूल तुझी, बॉनेट माझं,” असं ड्वेनने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता रक्तातल्या साखरेने त्याची नजर अधू झाली होती, त्यामुळे गाडी ती चालवायची. बॉनेट मात्र अजून त्याचंच होतं. म्हणजे कुणाचंच नव्हतं.

डायलिसिस चालू असताना आर्लिस आत बसत नसे. नळ्यांतून फिरणारं नवऱ्याचं रक्त तिला बघवत नसे. ती बाहेर गाडीत बसून विणकाम करायची, आणि गाडी सुरूच ठेवायची. हिवाळ्यात तिकडे सगळेच ठेवतात. उणे तीसमध्ये एकदा बंद केलेलं जुनं इंजिन पुन्हा चालू होईल याची खात्री कोण देणार? त्या आवारात दहा-बारा गाड्या एकाच वेळी धूर सोडत उभ्या असायच्या, आणि कुणाला त्यात काही वेगळं दिसायचं नाही. ऑइल केव्हा बदलायचं ते काचेच्या कोपऱ्यातल्या स्टिकरवर लिहिलेलं होतं, इतके मैल झाले की बदला म्हणून. आर्लिस तो आकडा न चुकता बघायची. मैल अजून व्हायचे होते. उभ्या उभ्या चाललेलं इंजिन एक मैलही न हलता ऑइल पितं, आणि ते तास कुठल्याच आकड्यात येत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या सोमवारी वादळ आलं आणि हायवे बंद झाला. मंगळवारी ड्वेनचे पाय सुजून बूट चढेनात. रात्रभर तो खुर्चीत टेकून बसला, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. बुधवारी सकाळी रस्ता उघडल्याचं रेडिओवर सांगितलं, तेव्हा आर्लिसने त्याला रजईत गुंडाळून गाडीत घातलं. आज पोहोचलो नाही तर हा माणूस शुक्रवार बघणार नाही, एवढं तिला डॉक्टर न होताही कळत होतं.

“हवा चांगली आहे,” ड्वेन म्हणाला. बाहेर वारा शेतांवरचा बर्फ उचलून रस्त्यावर आडवा ओढत होता.

“चांगली आहे म्हणे! जरा कमी बोल, दम लागतोय तुला.”

“दम नाही, जरा जड वाटतंय.”

“बरं, जड वाटतंय. गप्प बस.”

गाव मागे पडलं आणि थोड्या वेळाने गाडीतून टकटक ऐकू यायला लागली. आधी बारीक होती, मग ॲक्सिलरेटर दाबला की वाढायला लागली. डब्यात खिळे टाकून कुणी हलवावा तसा आवाज.

“हा कसला आवाज रे?”

“थंडीचा,” ड्वेन म्हणाला, पण खिडकीकडे तोंड करून.

आर्लिसला त्याचं मान फिरवणं खटकलं. या माणसाला उभ्या आयुष्यात गाडीच्या आवाजाकडे दुर्लक्ष करताना तिने पाहिलं नव्हतं. शेजाऱ्याची गाडी लांबून जाताना ऐकून हा तिचा कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचा. तिने डॅशबोर्डकडे पाहिलं. वेग ठीक होता, पेट्रोल होतं, इंजिनचा काटा मधोमध होता. लाइट एकही नव्हता. म्हणजे दिसत तरी नव्हता, कारण तिथे काळी चिकटपट्टी होती.

त्या पट्टीचंही कुणाला नवल वाटलं नसतं. इंजिन तपासा म्हणून सांगणारा तो पिवळा दिवा जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं जळत असतो, गाडी काही थांबत नाही, मग डोळ्यांना त्रास नको म्हणून लोक त्यावर पट्टी लावून मोकळे होतात. चर्चच्या आवारातल्या निम्म्या गाड्यांत ती सापडेल. ड्वेननेही तीन वर्षांपूर्वी नखाएवढा तुकडा लावला होता. पण आता तिथे बोटभर लांब पट्टी होती. ही कधी लागली? आर्लिसने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि नखाने पट्टीचं टोक उचललं.

“राहू दे ते,” ड्वेन म्हणाला. “रस्त्याकडे बघ.”

तिने ओढून काढलीच. खाली पिवळा दिवा होता, आणि त्याच्या शेजारी ऑइलच्या झारीचं चित्र लालभडक पेटलेलं होतं.

“ड्वेन, हा लाल काय आहे? लाल म्हणजे काय?”

ड्वेनने त्या दिव्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या पांढऱ्या रानाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आर्लिसने त्याला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

“लाल म्हणजे थांबायचं. ताबडतोब. पण इथे नको, इथे थांबलीस तर गोठून मरशील. बाक्केची शेड दिसतेय ना? तिकडे वळव. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ, नुसती जाऊ दे.”

“आणि मायनॉट?”

“इंजिन जाम झालं तर मायनॉट नाही, घर नाही, काही नाही. वळव म्हणतो ना!”

इकडे आड तिकडे विहीर अशी तिची गत झाली. तिने जीव मुठीत धरून गाडी वळवली. बाक्के मंडळी दर हिवाळ्यात ॲरिझोनाला उन्हात जाऊन बसतात, पण शेडला कुलूप घालत नाहीत. रस्त्यात अडकलेल्या माणसाला आसरा असावा म्हणून तिकडे पुष्कळ जण असं करतात. आर्लिसने सगळा भार टाकून ते सरकतं दार ढकललं, गाडी आत घेतली, दार लोटलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. टकटक थांबली. आता ड्वेनचा घरघरणारा श्वास तेवढा ऐकू येत होता. इंजिन गार व्हायच्या आत काय ते करायला हवं होतं.

“बॉनेट उघड,” तो काच खाली करून म्हणाला. “पिवळ्या कडीची डिपस्टिक आहे, ऑइल मोजायची सळई, ती ओढ.”

तिने ओढली. “काळं काळं लागलंय. आहे की ऑइल!”

“ते खरं नाही, ते वर उडालेलं असतं. पूस. पुन्हा घाल, पूर्ण आत जाऊ दे. आता काढ. टोकाला दोन खुणा आहेत, त्यांच्यामध्ये कुठे आहे?”

आर्लिसने डिपस्टिक खिडकीच्या उजेडात धरली. खुणा स्वच्छ होत्या. टोकाला एक ओला ठिपका होता, तोही पुसट.

“कुठेच नाही,” ती म्हणाली.

भिंतीशी फळीवर बाक्केच्या ट्रॅक्टरच्या ऑइलचे कॅन होते. हे चालेल का म्हणून तिने विचारलं, तर ड्वेन म्हणाला, आज काहीही चालेल. तिने झाकण काढून कॅन कलता केला. काही पडेना. थंडीने ऑइल इतकं घट्ट झालं होतं की कॅनच्या तोंडाशी येऊन तिथेच थबकलं. आर्लिसने झाकण लावलं, कोटाची चेन उघडली, तो बर्फासारखा कॅन छातीशी धरला आणि वरून चेन ओढून घेतली. थंडी स्वेटरमधून थेट हाडांत शिरली. ती तशीच ड्वेनच्या खिडकीशी येऊन उभी राहिली, लेकरू पोटाशी धरल्यासारखी.

“गाडीत बस. आत तरी ऊब आहे,” तो म्हणाला.

“बसले की झोप येईल. तू एवढी लांब पट्टी लावलीस कशाला रे? डोळ्यांना दिसलं नसेल तुझ्या. चुकून लालवरही बसली.”

ड्वेनने रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“मला हाक मारायची ना, मी लावली असती. अशी चूक जिवावर बेतते.”

“चुकून नाही,” तो म्हणाला.

तिला वाटलं, श्वासाच्या घरघरीत आपण भलतंच ऐकलं.

“तू पोस्टात गेली होतीस, मी गाडीत बसलो होतो. तेव्हा तो लाल दिवा पेटला. मला वाटलं, आता ही गाडी काही दिवसांची सोबती. एखाद्या सकाळी अंगणातच बंद पडेल. मग जायला गाडी नाही, बर्फ पडलेला, आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत...” त्याने दम घेतला. “मिळेपर्यंत सगळं आटपलेलं असेल. कुणाला काही बोलावं लागणार नाही.”

“काय बोलावं लागणार नाही?”

“की मला हे आता नको.”

आर्लिसने कॅन छातीशी घट्ट आवळला. तिने गाडीच्या टपावर हात टेकला.

“अरे, मग तोंड नव्हतं तुला?”

“तू नोकरी सोडलीस. त्या खुर्चीपायी घरदार सोडून रस्त्यावर राहतेस. आणि मी कुठल्या तोंडाने नको म्हणू?”

“आणि ही वाटेत बंद पडली असती तर? वाऱ्यात? मी इथेच मेले असते, मूर्खा!”

“तेच चुकलं,” ड्वेन म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. “अंगणातच पडेल असं धरून चाललो. तू वाटेत असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आवाज सुरू झाला तेव्हा आलं. तेव्हाही मी थंडीचा म्हणालो, आर्लिस.”

तिने त्याला शिव्या घातल्या. आयुष्यात कधी न उच्चारलेल्या, बर्फगाडीवरच्या पोरांच्या तोंडून ऐकलेल्या शिव्या. रिकाम्या शेडमध्ये त्या घुमल्या. मग ती बॉनेटच्या मागे गेली, जिथून तो दिसणार नाही, आणि कॅनला मिठी मारून मोठ्याने रडली. एवढे महिने ती ज्याला ओढून ओढून जगवत होती तो मागच्या मागे हात सोडवत होता. आणि सगळ्यांत वाईट हे की तिला त्याचा राग येत होता आणि त्याचं म्हणणं कळतही होतं. सुया टोचून टोचून गाठाळलेला तो हात रोज रात्री तिनेच तर चोळला होता.

ऑइल सैल झालं. ती ते हळूहळू ओतत गेली, धार मधासारखी जाड पडत होती. थांबली, डिपस्टिक पुसली, घातली, काढली, आणि पुन्हा ओतलं. शेवटी वरच्या खुणेपर्यंत आलं. किल्ली फिरवल्यावर इंजिनने दोनदा खोकून कुरकुर केली आणि तिसऱ्यांदा ते सुरू झालं. लाल दिवा क्षणभर राहिला आणि विझला.

हायवेच्या तोंडाशी येऊन तिने ब्रेक दाबला. डावीकडे घर होतं, उजवीकडे मायनॉट.

“आता तोंडाने सांग,” ती म्हणाली. “मी कुठे वळू?”

“तू दमलीस.”

“दमले. तरी नेईन, उद्या, परवा, रांगत न्यावं लागलं तरी. मी माझं नाही विचारत. तुला काय हवंय?”

वारा गाडी हलवत होता. ड्वेनने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. तिला वाटलं, हा आता म्हणेल, वाईट नाही, चाललंय.

“आज ने,” तो म्हणाला. “असा गुदमरून मरायला नको. लेकीला फोन कर, जॅनेलला, टकोमाहून यायला सांग. चार दिवस राहू दे पोरीला. स्वयंपाकघरात बसून तुम्ही दोघी भांडताना ऐकू दे मला.” त्याने तिच्या गुडघ्यावर आपला तीन बोटांचा हात ठेवला. “ती परत गेली की मग नको. मग मला मायनॉटला घेऊन निघू नकोस.”

“बरं,” आर्लिस म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं, आपण काय कबूल केलं ते. परत घ्यावा असं तिला वाटलं. ती वळून बोलणार होती, पण त्याने डोळे मिटून मान मागे टेकली होती, आणि कित्येक महिन्यांत त्याच्या कपाळावर एकही आठी नाही असं तिने पहिल्यांदा पाहिलं. तिने त्याचा हात गुडघ्यावर तसाच राहू दिला आणि एका हाताने चाक फिरवून गाडी उजवीकडे घेतली.