ऐकणाऱ्याचा रकाना

समोरचा माणूस बोलून थांबला की मामा लगेच तोंड उघडत नसत. एक क्षण जाऊ देत. मग म्हणत, "परत सांगतो," आणि तुम्ही जे सांगितलं असेल ते तुम्हालाच ऐकवत. चहा मागवला तरी तेच. "परत सांगतो. दोन चहा. एक बिनसाखरेचा, बायचा." बाय म्हणजे मी. चहावाला हसायचा, पण आमचा चहा कधी चुकला नाही.

वायरलेसवर दोघांना एकदम बोलता येत नाही. एकाने बटण सोडायचं, मग दुसऱ्याने दाबायचं. तीस वर्षं हेच केल्यामुळे ती सवय त्यांच्या अंगात मुरली होती. त्यांची बायको होती तेव्हा सांगायची म्हणे, "हा मानूस भांडायला पन माझा बोलून व्हायची वाट बगतो." संस्थेच्या सभेत त्यांना कधीच बोलायला मिळालं नाही. तुम्ही अशा सभा पाहिल्या असतील. तिथे कुणाचं बोलणं संपतच नाही.

संस्था म्हणजे पालीतली मच्छीमारांची संस्था. बंदराजवळ एकमजली इमारत. खाली बर्फाचं आणि डिझेलचं काम आणि माझं टेबल. वर एक खोली, तिच्यावर अँटेना. त्या खोलीत मामा बसत आणि समुद्रावर गेलेल्या बोटी त्यांच्याशी बोलत. सगळे त्यांना मामा म्हणत म्हणून मीही म्हणे. खरं तर ते माझ्यापेक्षा दहाच वर्षांनी मोठे.

मी तिथे कशी पोचले तेही सांगते, कारण पुढच्या भानगडीत माझा हात मोठा आहे. मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात बावीस वर्षं आवक-जावक सांभाळून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मीरा रोडला घरी बसले आणि तीन महिन्यांत स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर घातले. नवऱ्याने हात जोडले आणि ओळखीतून ही नोकरी शोधून आणली. मी रोज स्कूटरवरून पालीला जाऊ लागले. आल्या आल्या तिथे फायलींना अनुक्रमांक, पत्रांना विषय आणि संदर्भ, कागदाला डावीकडे दीड इंच समास, हे सगळं सुरू केलं. गावाने ते सोसलं. बाय शिकलेली हाय, असं म्हणत सोसलं.

पहिल्याच वर्षी एका दुपारी एक बोट वसईच्या समोर इंजिन बंद पडून वाहत निघाली. दुसरी बोट तिच्याकडे पोचायला तीन तास लागणार होते. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, नवीन होता. आवाज चिरका झालेला. मामा त्याला विचारत होते, "आज कालवन कशाचा केलाय? मीठ कोनी टाकला? तुझ्या सासूच्या हातचा बरा का तुझ्या?" तीन तास हेच. बोट सुखरूप किनाऱ्याला लागल्यावर मी त्यांना गाठलं.

"मामा, सेटवर अशा खाजगी गप्पा मारायला परवानगी आहे का?"

त्यांनी एक क्षण जाऊ दिला. "गप्पा न्हाय त्या, बाय. त्याला बोलता ठेवला. बोलता मानूस पान्यात उडी घेत न्हाय."

मी खाली येऊन नोंदवहीत 'किरकोळ संभाषण' असा नवा रकाना आखला.

त्या सेटचा परवाना मार्चअखेर संपणार होता. मामांनी फेब्रुवारीतच अर्ज भरायला घेतला. अर्ज लांबलचक होता हे खरंच. सेटचा क्रमांक तीन ठिकाणी, अँटेनाच्या उंचीचा दाखला, जागेचा नकाशा, सगळ्याच्या तीन प्रती. मार्च संपला तरी अर्ज गेला नव्हता. एप्रिलमध्ये दिल्लीहून पत्र आलं, की नूतनीकरण होईपर्यंत सेट बंद ठेवावा. मामांनी सेट बंद केला, त्यावर धुतलेला टॉवेल घातला आणि रोजच्या वेळेला येऊन समोर बसत राहिले.

एप्रिल-मेमध्ये बोटी तशाच गेल्या. दीपगृह मागे पडलं की मोबाइलची रेंज जाते. किनाऱ्यावर ऐकायला कुणी नाही. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली आणि बोटी किनाऱ्याला आल्या, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण ऑगस्टमध्ये त्या पुन्हा जाणार होत्या. मामा रोज खाली येऊन एकच विचारत, "बाय, ऑगस्टच्या आधी होयल ना?"

"दिल्लीवर आहे सगळं," मी म्हणायचे. अगदी मनापासून म्हणायचे.

त्याच सुमाराला तांडेलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहीर सूचना फिरत आली. सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या वायरलेसच्या परवान्याचे अर्ज सरकार तपासून पाहतंय, तरी लोकांनी तीस दिवसांत हरकती आणि सूचना पाठवाव्यात. त्यात एक प्रश्न होता, की हा अर्ज भरायला तुम्हाला किती वेळ लागतो? मी वाचून हसले. बावीस वर्षांत मी असे प्रश्न पुष्कळ पाहिले. उत्तर 'अंदाजे तीस मिनिटे' लिहायचं असतं.

मामा हसले नाहीत. "परत सांगतो," ते म्हणाले. "सरकार विचारतंय का वेळ किती लागतो."

"हो."

"मंग माझ्याकडे लिवलेला हाय."

वायरलेसवाल्याला लॉग ठेवायची शिस्त असते. कुठली बोट, किती वाजता, काय बोलली. सेट बंद झाल्यावर लॉगमध्ये लिहायला काही उरलं नाही, आणि वही तर समोर उघडी. म्हणून त्यांनी अर्जाचाच लॉग ठेवला होता, आणि फेब्रुवारीपासूनचा मागचा भागही जुन्या लॉगमधल्या वेळा पाहून नीट भरला होता. सरकारला पाठवायची सूचना त्यांनी लिहिली आणि तिला त्याच वहीची नक्कल जोडली. मी ती तपासायला घेतली, लाल पेन हातात धरून.

'०९.४० अर्ज काढला. १०.०५ पहिलं पान झालं. १०.२५ दुसरं झालं. १०.३० बाईंना दिला. १०.३२ बाईंनी परत दिला. शाई निळी.'

'११.१५ काळ्या शाईने लिहून दिला. ११.१७ परत. समास कमी.'

'सोमवार. बाई रजेवर. कपाटाची चावी बाईंकडे. मंगळवार, तेच.'

'अँटेनाची उंची मोजली. दाखला आला. दोन दिवस. हे दिल्लीचं काम.'

'बाई म्हणाल्या, कमिटीचा ठराव पाहिजे. दिल्लीने मागितला नाही. बाईंनी मागितला.'

'सभा. सात माणसं लागतात, चार आली. बाकीची समुद्रावर. सभा तहकूब.' हे वाक्य पुढे पाच वेळा होतं. हंगामात मच्छीमारांची सभा दर गुरुवारी सकाळी बोलवायची, ही माझीच कल्पना. माझ्या जुन्या कार्यालयात गुरुवारीच सभा असे. जूनमध्ये माणसं किनाऱ्यावर आली, तेव्हा मी नव्या सभेसाठी पंधरा दिवसांच्या नोटिशीचा नियम काढला होता.

वाचता वाचता मी लाल पेनाने बेरीज केली. सवयच आहे. दिल्लीने मागितलेल्या गोष्टींना सहा दिवस लागले होते. उरलेले सगळे, जवळजवळ चार महिने, माझे. आणि अर्ज अजून माझ्याच कपाटात होता, ठरावाची वाट पाहत.

यानंतर मी काय केलं ते सांगायला संकोच वाटतो, पण लिहायला बसले आहे तर सांगते. मी मामांची सूचना नव्याने टाइप केली. माझ्याबद्दलच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. संस्थेची अब्रू, अंतर्गत बाब, वगैरे कारणं मनाशी तयार ठेवली. 'सदर अर्ज भरण्यास सहा दिवस लागतात, सबब तो सुटसुटीत करावा,' असा सुरेख मजकूर झाला. समास दीड इंच. वर जाऊन मामांपुढे सहीला ठेवला.

त्यांनी तो सावकाश वाचला. मग कागद माझ्याकडे वळवला.

"परत सांगतो. अर्ज भरायला सहा दिवस लागले."

"हो."

"मंग सेट एप्रिलपासून बंद का हाय?"

आवाजात टोमणा नव्हता. बोटीला ती कुठे आहे ते विचारावं तसं विचारलं. मला त्यांनी रागावून बोललेलं परवडलं असतं. मी म्हटलं, "माझ्यामुळे."

"तसा लिवायचा मंग," ते म्हणाले. "त्यांनी विचारलाय तर खरा सांगू. न्हायतर विचारून काय फायदा?"

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याच अक्षरातली वहीची पानं स्कॅन करून पाठवली. निळी शाई, रजा, चावी, गुरुवार, सगळ्यासकट. शेवटी मामांची मूळ सूचना होती, तीही तशीच राहू दिली. 'फारम लहान करा. अर्ज तुमच्याकडे पोचला की सेट चालू ठेवू द्या. एक मात्र विचारत जा. तुम्ही अँटेनाची उंची विचारता, सेटचा नंबर तीनदा विचारता, पण सेटवर बसणाऱ्याला काम येतं का, हे कुणी विचारत नाही. त्याचा एक रकाना ठेवा.'

आणि त्याच दुपारी परवान्याचा अर्ज ठरावाशिवाय रवाना केला. अध्यक्ष जाळं शिवत बसले होते. त्यांची सही स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून घेतली. त्यांनी विचारलं, "बाय, सभा न्हाय घ्यायची?" मी म्हटलं, "पुढच्या जन्मी." परवाना हंगाम सुरू व्हायच्या चार दिवस आधी आला. मामांनी सेटवरचा टॉवेल काढला, त्याची घडी केली आणि पहिल्या बोटीला हाक दिली. मी खाली आवक नोंद करत होते. माझं अक्षर त्या दिवशी बिघडलं, एवढंच सांगते.

नवा अर्ज पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आला. दोनच पानांचा. सेटचा नंबर एकदाच. अर्ज पोचल्याच्या पावतीवर सेट चालू ठेवायची मुभा. देशभरातून किती जणांनी सूचना पाठवल्या असतील. आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मामांनी घड्याळ लावून अर्ज भरला. "अठरा मिनिटं," ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे दिला.

दुसऱ्या पानाच्या शेवटी एक नवा रकाना होता. सेट चालवणाऱ्याने दिलेल्या परीक्षेचा प्रमाणपत्र क्रमांक. मामांनी त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'न्हाय.'

त्या क्रमांकाशिवाय परवाना मिळणार नव्हता, आणि त्यांनी परीक्षा कधीच दिली नव्हती. शाळा आठवीत सुटली. सेट ते आधीच्या चालकाशेजारी बसून शिकले होते.

मी लगेच वाट काढली. वाट काढणं मला जमतं. "अध्यक्षांनी तरुणपणी परीक्षा दिली आहे. त्यांचं नाव टाकू. बसा तुम्हीच."

"कागदावर अध्यक्ष आनि कानाला मी?"

"कोण येतंय पाहायला? नुसतं कागदावर..."

"तुमी बोलताव हे, बाय?" ते पहिल्यांदाच माझं वाक्य संपायच्या आत बोलले. मग जरा हसले. "रकाना मीच मागितला ना. आता माझ्यापाशी आला तर पलून जाऊ? बोटीवरच्या मानसाला कलायला पायजे का ऐकतो तो खरा कोन हाय."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पन सेट चालू हाय ना."

एका तांडेलाची सून बीएस्सी झालेली होती. तिने परीक्षा दिली. मामांनी तिला दोन महिने शेजारी बसवून शिकवलं. मग एका शनिवारी आपली उशी आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून खाली उतरले. त्यानंतर त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. संबंध नसलेल्या व्यक्तींस प्रवेश नाही, अशी पाटी दारावर मीच लावली होती. मी म्हटलं, "मामा, ती तुमच्यासाठी नाही." ते म्हणाले, "पाटी हाय ती बाय, सगल्यांसाठीच आसनार."

त्यांचं घर माझ्या रस्त्यावरच होतं. संध्याकाळी मी निघाले की ते ओट्यावर बसलेले असत. स्कूटर दिसली की विचारत, "सगल्या लागल्या?"

पहिल्या दिवशी मी "उद्या सांगते" म्हणून स्कूटर पुढे काढली. किती बोटी गेल्या, किती परत लागल्या, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्याकडे त्यांच्या फायली होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी निघायच्या आधी वर जाऊन तिथला बोटींच्या नोंदीचा फळा पाहू लागले. कुठली बोट परत यायची होती आणि आली नाही, कोण उद्या येणार म्हणून कळवून गेला. रस्त्यात ते विचारत, मी स्कूटर चालू ठेवूनच सांगत. "एक बाकी. इंजिन ठीक आहे, सकाळी येते म्हणालाय." ते मान हलवत. दोन वर्षं हे चाललं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना वसईला घेऊन गेली. गुडघे चालेनात, एकट्याने राहणं कठीण. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे फळा पाहून निघाले. त्यांच्या घरासमोर स्कूटर थांबवली आणि "सगळ्या लागल्या" असं म्हणून झाल्यावर दाराचं कुलूप पाहिलं.

शेजारच्या ओट्यावर एक बाई सुकट निवडत होती. तिने मान वर केली. "कोन पायजे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "बोटी सगळ्या लागल्या, एवढंच सांगायचं होतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "आमचा मानूस बोटीवरून येऊन कवाच जेवून झोपला."