हारातला गमछा

देवीदास बोलायला लागला की गिऱ्हाईक फुलं घ्यायचं विसरायचं. मूर्तिजापुरात आमची दुकानं एकाला एक लागून. त्याच्याकडे फुलं, माझ्याकडे नारळ, उदबत्ती, कापूर. सकाळी आपल्या वावरातला झेंडू आणि शेवंती तोडून आणायची, बायको शकुनसोबत हार गुंफायचे आणि गुंफता गुंफता जगाचा न्यायनिवाडा करायचा, हा त्याचा नेम.

"काय हाये नत्थुजी," तो मला म्हणायचा, "भाजीत मीठ जास्त पडलं तं आपन घर डोक्यावर घेतो. अन् नळ आठ आठ दिवस येत नाई, तं आला त्या दिवशी नळालेच हात जोडतो. मत मांगाले येनारा दारात चप्पल काढते. निवडून आला की मंग त्याच्या दारात आपन चप्पल काढतो."

लोक हसायचे. देवीदास मात्र हसण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घ्यायचा. जिभेने तिखट आणि काळजाने भित्रा, असा हा माणूस. एवढी भीती वाटते तर बोलतोस कशाला, असं विचारलं तर म्हणायचा, "नाई बोललो तं पोट फुगते."

भीती उगाच नव्हती. आमची सगळी रांग नगरपरिषदेच्या जागेवर बसलेली. नगरसेवकाची मर्जी आहे तोवर दुकान, मर्जी फिरली की दुसऱ्या दिवशी अतिक्रमणाची गाडी. देवीदास, शकुन आणि अमरावतीला नर्सिंग शिकणारी त्यांची मोनाली, तिघांचं पोट त्या चार बांबूंवर आणि एका ताडपत्रीवर चालायचं.

बऱ्याच वर्षांनी निवडणूक लागली. आमच्या वार्डात बंडूभाऊंची छत्री आणि किसनरावांची कपबशी. किसनरावांच्या पोरांनी दारोदार निळ्या काठाचे गमछे वाटले, त्यांवर कपबशी आणि तिच्याखाली किसनरावांचा हसरा चेहरा. देवीदासच्या घरी तर उरलेला गठ्ठाच टाकून गेले. बंडूभाऊंच्या माणसांनी मतमोजणीच्या आदल्या दिवशीच हार सांगून ठेवला. गुडघ्यापर्यंत आला पाहिजे, म्हणाले.

एवढ्या मोठ्या हाराला नुसता दोरा पुरत नाही. आत कापडाचा जाड पीळ घालतात आणि त्याच्याभोवती फुलं बांधत जातात. पीळ घालायचं काम शकुनचं. त्यासाठी ती दर वेळी एखादी जुनी साडी फाडायची.

बंडूभाऊ निवडून आले. उघड्या जीपवरून मिरवणूक आमच्यासमोरून गेली. गुलालात तो पिवळा हार लांबून दिसत होता. देवीदास हात जोडून उभा होता. शेजारी शकुन कौतुकाने म्हणाली, "कसा मस्त बसला न हार! या बारीले साडी नाई फाडली म्या. थे गमछे पडले होते न घरात, त्याचाच पीळ घातला."

"कोनते गमछे?"

"कपबशीचे. उलटे करून घातले न, दिसत नाईत."

देवीदास मटकन खाली बसला. मला हसू आलं. मी म्हटलं, "अरे, जाऊन सांगून टाक. हसण्यावारी जाईल."

"हसन्यावारी?" त्याचा आवाज चिरकला. "नत्थुजी, पिवळी फुलं, आत पीळ मारलेला कपडा, अन् कपड्यावर दुश्मनाचं तोंड. थेही गळ्यात! याले गावात काय म्हनतात, तुमाले ठाऊक नाई?"

मला ठाऊक होतं. आमच्याकडे त्याला करणी म्हणतात. माझं हसू तिथेच थांबलं.

हार त्या संध्याकाळी बंडूभाऊंच्या ऑफिसच्या दारावर टांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदास नवा हार घेऊन तिथे हजर. जुना काढून हा लावतो म्हणाला. दारावरच्या पोराने हाकलून लावलं. विजयाचा हार आहे, वाळला तरी उतरणार नाही, म्हणे. देवीदासने नवा हार तिथल्या खुर्चीवर ठेवला आणि मान खाली घालून परत आला.

आणि नेमकं त्याच दिवशी बंडूभाऊंना ताप भरला. डिसेंबरच्या थंडीत दुपारपासून रात्रीपर्यंत उघड्या जीपवर उभं राहिल्यावर कोणालाही भरेल. पण दैव आडवं आलं की उंटावर बसलेल्यालाही कुत्रं चावतं. भाऊंना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. इकडे चौकात कुजबुज सुरू झाली, की कोणीतरी काहीतरी केलं असावं. पानठेल्यावर एकजण मला म्हणाला, "ज्यानं केलं त्याचं घर नाई ठेवत भाऊचे पोट्टे." मी पान तसंच हातात धरून परत आलो आणि देवीदासला काही सांगितलं नाही. त्याला आधीच कळलं होतं.

त्यानंतर त्याचं जेवण सुटलं. कोणतीही जीप दिसली की तो टोपल्यांच्या मागे वाकायचा, जणू खाली काही शोधतोय. मोनालीला फोन करून सांगितलं, सुट्टीत घरी येऊ नको. तिने कारण विचारलं तर खेकसला आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसत बसला. शकुन तर रडून रडून अर्धी झाली. "एक साडी फाडाले जीवावर आलं माह्या," एवढंच ती घोकायची.

ऑफिस रस्त्यावरच होतं. येता-जाता माझी नजर दाराकडे जायची. फुलं वाळत होती. वाळलेलं फूल आकसतं, दोन फुलांमध्ये फट पडते. एके दिवशी त्या फटीतून गमछ्याचा निळा काठ दिसला आणि मी भराभर पुढे निघालो. चूक त्याची होती, पण शेजारी मी होतो. करणीच्या संशयाला शेजार पुरतो.

दुसऱ्या दिवशी दारावर हार नव्हता.

थोड्या वेळाने दारावरचा तोच पोरगा आला. "देवीदासभाऊ, भाऊनं बोलावलं." शकुनने नवऱ्याची बाही धरली. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि सोबत जायला मला नाही म्हणता येईना.

बंडूभाऊ मफलर गुंडाळून बसले होते. दवाखान्यातून घरी आलेले, तोंडावरची कळा उतरलेली. टेबलावर गमछा उलगडून ठेवला होता. झेंडूच्या रंगाने पिवळे पडलेले किसनराव त्यावरून हसत होते. देवीदासने एका दमात सगळं सांगितलं. साडी, गठ्ठा, शकुन, पीळ. "भाऊ, पोरीची शपथ, दुसरं काई नाई," म्हणत तो पायांकडे वाकला.

बंडूभाऊंनी त्याला मधेच धरलं आणि मोठ्याने हसले. "अरे, घाबरून काहून राहिले? वहिनीनं साडी वाचवली, चांगलं केलं. मी काय असल्या गोष्टी मानतो का?" त्यांनी चहा मागवला. देवीदासच्या चेहऱ्यावर रक्त परत येत होतं. मलाही वाटलं, सुटलो.

चहा होईपर्यंत बंडूभाऊंनी गमछ्याची नीट घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि किल्ली फिरवली.

"हे राहू द्या इथंच," ते म्हणाले. "पोरं तापट हायेत आमची. त्याइले म्या अजून काई सांगतलं नाई."

मग एकदम मायेने देवीदासच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी दुकानावर लय मस्त बोलता म्हने. आमच्या कानावर येते सगळं. नळाचं, चपलेचं. रविवारी माहा सत्कार हाये. चार शब्द बोला न तिथं. सामान्य मानसाचे."

रविवारी मंडपात सगळा वार्ड होता. आमची दुकानदारांची रांग मुद्दाम पुढे बसवलेली. शकुन माझ्या शेजारी, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. देवीदासचं नाव पुकारलं गेलं. माईक हातात आल्यावर तो अडखळेल असं मला वाटलं होतं. तो अडखळला नाही. तोच आवाज, तोच ठेका, वाक्याच्या शेवटी थोडं थांबायची तीच लकब. छत्री उन्हातही कामाची आणि पावसातही कामाची, म्हणाला. बंडूभाऊंसारखा माणूस या वार्डाने पाहिला नाही, म्हणाला. लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. इतकं छान तो दुकानावरही कधी बोलला नव्हता. शकुनने मान वर केली नाही.

बंडूभाऊ स्टेजवर मागे रेलून बसले होते. ते देवीदासकडे बघत नव्हते. आमच्या रांगेकडे बघत होते, एकेक चेहरा सावकाश. नजर माझ्यावर आली तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो, आणि सगळ्यांच्या थांबल्या तरी माझ्या थांबेनात.