तमिळ मिसची भेट आणि माझी दुभाषी

चेन्नईत येऊन दोन वर्षं झाली, तरी माझं तमिळ ऑटो आणि भाजी यांच्या पलीकडे गेलं नव्हतं. पेरुंगुडीच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. क्लायंटला नेमकं काय हवंय ते समजून घ्यायचं आणि आमच्या टीमला नीट समजावून सांगायचं, हे माझं काम. थोडक्यात, गैरसमज होऊ नयेत याचा मला पगार मिळतो.

लेक चौथीत. तिचं तमिळ मात्र इतकं सफाईदार, की बिल्डिंगचा वॉचमन तिला इथलीच समजतो.

शाळेत पालकसभा होती. नवरा मोटारीच्या कारखान्यात, त्याला शनिवारीही शिफ्ट, म्हणून आम्ही दोघीच गेलो. तमिळ शिकवणाऱ्या मिसचा एक नियम होता: तमिळबद्दल बोलायचं तर तमिळमध्येच. मी मुलांच्या बुटक्या बाकावर अंग चोरून बसले आणि लेक दुभाषी म्हणून मध्ये उभी राहिली.

मिस बराच वेळ बोलल्या. चेहरा गंभीर होता.

"काय म्हणतायत?"

"मी वर्गात खूप बोलते म्हणतायत," लेक म्हणाली. "म्हणजे छान बोलते."

मला धन्य वाटलं. मी म्हटलं, "त्यांना विचार, घरी आणखी काय करून घेऊ?"

माझं वाक्य एवढंसं, तिचं भाषांतर चांगलं मिनिटभर चाललं. ऐकता ऐकता मिसचा चेहरा निवळला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळुवारपणे म्हणाल्या, "पावम."

"पावम म्हणजे?"

"शाबास," लेक म्हणाली.

त्यानंतर महिनाभर तमिळचा गृहपाठ आला नाही. मुलांवर ओझं न टाकणारी शाळा मिळाली, म्हणून मी नागपूरला बहिणीला फोन करून तिच्या मुलांच्या शाळेविषयी सहानुभूतीही व्यक्त केली.

मग ऑफिसात एका सहकाऱ्याला बढती मिळाली. तो अस्सल चेन्नईचा, तेव्हा त्याच्याच भाषेत कौतुक करावं म्हणून मी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पावम, पावम."

त्याचा चेहरा पडला. मला बाजूला नेऊन त्याने विचारलं, "तुला काही कळलंय का? मला कुठल्या प्रोजेक्टवर टाकतायत?"

पावम म्हणजे बिचारा, हे मला तिथे कळलं.

घरी आल्यावर पर्स खांद्यावरून न काढताच मी लेकीला समोर बसवलं. "तू मिसना नक्की काय सांगितलंस?"

"खरंच सांगितलं. आई ऑफिसातून दमून येते. बाबांचा कारखाना लांब आहे. आई रडते. म्हणून माझा होमवर्क राहतो."

"मी कधी रडले?"

"कांदा चिरताना."

"आणि पावम म्हणजे शाबास?"

ती जरा विचार करून म्हणाली, "मिस इतक्या प्रेमाने म्हणाल्या, मला तसंच वाटलं."

रागवायचं ठरवलं होतं, पण हसू आवरेना. मी तोंड वळवून आत गेले, हसून घेतलं आणि मग रागवले. त्याचा व्हायचा तेवढाच परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच सहकाऱ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं: 'वीट्टुपाडम कुडुंग', म्हणजे गृहपाठ द्या. शाळेत जाऊन ते मिसपुढे म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझा एक उच्चार दोनदा सुधारला आणि लेकीकडे पाहिलं. लेक आपल्या बुटांकडे पाहत होती. मिसनी तिला महिन्याभराचे राहिलेले धडे लिहून दिले. मग कपाटातून पहिलीचं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

आता रविवारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसतो. ती सहाव्या धड्यावर आहे आणि मी पहिल्याच अक्षरावर. माझी वही तीच तपासते. परवा तिने ते अक्षर दहा वेळा लिहायला सांगितलं.

"आज राहू दे, थकलेय गं," मी म्हटलं.

"दहा म्हणजे दहा," ती म्हणाली आणि माझ्या पेन्सिलीला टोक करून दिलं.

मी लिहिली दहाच्या दहा. सातवं अक्षर ओळीबाहेर गेलं होतं. तेवढं तिने खोडून पुन्हा काढायला लावलं.