थेंबांच्या बाकावरचे आम्ही

डोळ्यांत थेंब टाकून बसवलं की तासभर वाचता येत नाही, मोबाईल दिसत नाही. मग माणूस बोलतो! नाशिकच्या आमच्या रेटिनाच्या दवाखान्यातले किस्से असेच साठले. घरी आलो, नीट दिसायला लागलं, की मी ते वहीत उतरवायचो. आता तिथे टोकन आलं, सुट्या खुर्च्या आल्या. तो लांब बाक गेला.

आम्हा सगळ्यांचा आजार एकाच घराण्यातला: डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना सूज. ती का येते, हे शोधण्यातच महिने जात.

पहिल्या भेटीत मी डॉक्टर मॅडमांपुढे माझी रोजच्या खाण्यापिण्याच्या नोंदींची वही ठेवली. त्यांनी शांतपणे दहा पानं वाचली. "काका, रोजची भाजी कळली. नजर धुरकट कधी झाली?"

चांदवडच्या गुरुजींना तपासणीसाठी रंगाचं इंजेक्शन दिलं. अंग पिवळं झालं. घरच्यांनी कावीळ समजून गळ्यात मंतरलेली माळ घातली. सकाळी पिवळेपणा गायब! "आता त्या माळेवाल्याकडे रांग लागलीय," गुरुजी म्हणाले.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कळवणच्या ताईंचा चेहरा गोल झाला. माहेरचे खूश: "सासर मानवलं हो!"

येवल्याचे रामभाऊ पैठणी विणायचे. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावाही अंधुक होत चाललेला. हातमाग बंद. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मॅडम पुन्हा पहिल्यापासून विचारत होत्या आणि रामभाऊ फक्त डोळ्याचंच सांगत होते. शेवटी शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, सिंधूवहिनी, वैतागल्या. "यांना काय विचारता मॅडम! दोन वर्षं ठेच्याला हात लावत नाय. सारखं तोंड आलेलं, अन् नावं माझ्या हाताला!"

मॅडमांचा पेन थांबला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"डोळ्याच्या डाक्टरला तोंडाचं कसं सांगायचं?" रामभाऊ म्हणाले.

तोंड आणि डोळे दोन्ही धरणारा बेशेट नावाचा दुर्मीळ आजार निघाला. औषध बदललं.

काही महिन्यांनी दोघं पुन्हा बाकावर. पुढे लग्नाला जायचं म्हणून वहिनी पैठणी नेसलेल्या. सिस्टर अजून थेंब घेऊन यायच्या होत्या. रामभाऊंनी पदर हातात घेतला, डाव्या डोळ्याजवळ नेला.

"सिंधू, ह्या मोराचा डोळा चुकलाय. कुणाचं काम हे?"

"तुमचंच. मागच्या साली विणलेलं."

"तू तर म्हणालीस, लय आवडली म्हणून घरात ठेवून घेतली!"

"हं."

"तवाच दाखवायचं ना मला!"

वहिनींनी पदर सोडवून घेतला, नीट खांद्यावर टाकला.

"दाखवलं असतं, तर दिसलं असतं का?"