मामांना दिसलेला रातवा

या ग्रुपवरचे विलक्षण अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचले. खरं सांगतो, एकावरही विश्वास बसला नाही. मी कारेगावला एका कंपनीत क्वालिटीत आहे, मापात बसेल तेच पास करायची सवय. पण गेल्या मे महिन्यात इनामगावला जे झालं, ते...

माझे मामा वनखात्यात वनमजूर होते. सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. पार गेले – ऊन पडलंय की सावली, तेही कळत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांना घोड नदीकडच्या माळावर फिरायला नेलं. दिवस नुकताच मावळलेला. बाभळी, गवत, पाचोळा – सगळं एकाच राखाडी रंगात विरघळत चाललं होतं. वारा नाही. आपण चालतोय की तरंगतोय, तेच कळत नव्हतं. माझ्या खांद्यावर मामांचा हात होता.

एकदम तो हात घट्ट झाला.

"थांब! पाय टाकू नगंस. म्होरं रातवा बसलाय."

"कुठं मामा? नुसता पाचोळा आहे."

"पाखरू हुडकायचं न्हाई. डोळा हुडकायचा. त्यो बघ, अर्धा मिटलाय... गळ्याला पांढरा ठिपका हाय."

मी वाकलो. आधी दिसली डोळ्याची एक बारीक फट. मग चपटं डोकं, चोचीभोवतीच्या मिशा, तो ठिपका... पुढचं पाऊल थेट त्याच्यावरच पडलं असतं! मी मागे सरलो तसा तो आवाज न करता उडाला. उघड्या जमिनीवर दोन गुलाबीसर अंडी होती.

मी वळलो. मामा माझ्याकडे बघत होते. म्हणजे – खरंच बघत होते.

"मामा... तुम्हाला दिसतंय?"

त्यांनी न चाचपडता माझ्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांना हात लावला. "लई पिकलास रं," ते हसले. मग हात हवेत अडखळला. "गेलं," म्हणाले.

डॉक्टर म्हणतात, नस वाळलीय, दिसणं शक्यच नाही. केसांचं कुणी सांगितलं असेल, मान्य. पण रातवा? तो तर ओरडलाही नव्हता.

मामा उत्तर शोधत नाहीत. हल्ली दिवस कलला की मामीला म्हणतात, "तू बी चल माळावर." आणि मामी हातातलं काम टाकून, केस विंचरून, त्यांच्यासोबत जाते.